अळ्या मृत्यूची नेमकी वेळ सांगतात का?

'प्रेतावरच्या अळ्या पाहून मृत्यूची वेळ मिनिटापर्यंत कळते,' असा मेसेज सध्या फिरतोय. त्यात १९३५ च्या रक्सटन खून प्रकरणाचा दाखला आहे. प्रकरण खरं, दावा चुकीचा.

मूळचा मुंबईचा पारशी डॉक्टर बक रक्सटन याने इंग्लंडमधल्या लँकेस्टर इथे पत्नी म्हणून सोबत राहणाऱ्या स्त्रीचा आणि मोलकरणीचा खून केला. मृतदेहांचे तुकडे सापडले स्कॉटलंडमध्ये, मॉफटजवळच्या ओढ्यात. त्यावरच्या माशीच्या अळ्यांचं वय ग्लासगोच्या डॉ. अलेक्झांडर मर्न्स यांनी १२ ते १४ दिवस ठरवलं. मिनिटं सोडाच, तासही नाहीत! शिवाय तो अंदाज माशीने अंडी घातल्यापासूनचा, म्हणजे मृत्यू त्याआधीचा. बहुतेक माश्या रात्री अंडी घालत नाहीत. पाऊस किंवा बंद खोली असेल तर आणखी उशीर होतो. थंडीत अळीची वाढही मंदावते, म्हणून घटनास्थळाचं तापमान नोंदवावंच लागतं.

आणि रक्सटनला फाशी काही एकट्या अळ्यांमुळे झाली नाही. तुकडे ज्यात गुंडाळले होते, त्यात १५ सप्टेंबरच्या एका वर्तमानपत्राची खास स्थानिक आवृत्ती निघाली. ती लँकेस्टर-मोरकॅम परिसरातच विकली गेली होती. बोटांचे ठसे होते, कवटीवर फोटो जुळवून ओळखही पटवली होती. मेसेजमध्ये यातलं काहीच नाही.