डचमधला लाल रंग आणि ‘सरसकट अ लावा’ हा सल्ला

डच शिकणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: रंगाचे विशेषण नामाआधी आले की त्याला डोळे मिटून ‘अ’ जोडावा, अपवाद किरकोळ आहेत, आणि मराठीत नपुंसकलिंग असल्यामुळे ते आपल्याला आपोआप उमगतात. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे. उरलेली दोन टिकत नाहीत.

एकवचनात सोबत येणाऱ्या उपपदावरून (इंग्रजी ‘द’सारख्या शब्दावरून) डच नामांचे ‘डे’ आणि नपुंसकलिंगी ‘हेट’ असे दोन गट पडतात. लाल या अर्थाचा ‘रोट’ हा शब्द ‘डे’ गटातल्या नामाआधी ‘रोडअ’ होतो, म्हणून ‘अन रोडअ आउटो’ म्हणजे एक लाल मोटार. परंतु ‘हेट’ गटातले नाम एकवचनी आणि अनिश्चित (नेमके कोणते ते ठरलेले नसलेले) असेल, तर विशेषण जसेच्या तसे राहते: ‘अन रोट हाउस’, म्हणजे एक लाल घर. तेच घर निश्चित झाले की ‘हेट रोडअ हाउस’, माझे झाले की ‘मेइन रोडअ हाउस’ आणि अनेक झाली की ‘रोडअ हाउझन’.

हा अपवाद किरकोळ म्हणणाऱ्याने रोजचे बोलणे ऐकावे. लाल वाइन ‘रोडअ वेइन’ असते, पण लाल मांस ‘रोट व्लेस’, कारण मांस ‘हेट’ गटातले आहे. त्यातच डच माणसाला लघुत्वदर्शक रूपांची भारी हौस, आणि असे प्रत्येक रूप ‘हेट’ गटात जाते. त्यामुळे तीच मोटार छोटी झाली, की ‘अन रोट आउटोट्यअ’.

मराठी लिंगाचा आधार तर फसवाच आहे. घर, पुस्तक, पाणी येथे तो जुळतो, पण आपले नपुंसकलिंगी झाड आणि फूल डचमध्ये ‘डे’ गटात आहेत, तर मुलगी चक्क ‘हेट’ गटात. शिवाय आपण ‘भिंत पांढरी आहे’, ‘घर पांढरे आहे’ असे विधेयातही रूप बदलतो. डचमध्ये तेथे मोटार असो वा घरे, ‘रोट’ हेच एक रूप चालते.

नारिंगीसाठीचा ‘ओरान्यअ’, गुलाबीसाठीचा ‘रॉझअ’ आणि फिकट जांभळ्यासाठीचा ‘लिला’ हे शब्द मात्र कोणत्याही नामाआधी बदलत नाहीत. लाल गाडी, लाल घर, लाल फुले असे बिनदिक्कत म्हणणाऱ्या मराठी माणसाची सवय खरी उपयोगी पडते ती इथेच, आणि नेमका याचाच त्या सल्ल्यात उल्लेख नाही.