पिकाची भूक कार्बनची नाही, नत्राची आहे

मामांची शेती मंगळवेढ्याच्या बाजूला आहे. पाण्याखाली दोन एकर ऊस, उरलेल्या काळ्या रानात रब्बी ज्वारी आणि घरापुरता गहू-हरभरा. गेली चार वर्षे ते उसाचे पाचट, म्हणजे तोडणीनंतर मागे राहणारा वाळका पाला, न जाळता सरीतच ठेवत आले आहेत. यंदा ऊस कारखान्याला गेल्यावर मात्र त्यांनी फोनवर सहज सांगून टाकले की पाचट पेटवून देणार आहेत, कारण त्याचा धूर म्हणजे पुढच्या पिकाला फुकटचे खत असते. हे ज्ञान त्यांना व्हॉट्सअॅपवर मिळाले होते. फोन ठेवल्यावर तो मजकूर त्यांनी मलाही पाठवला आणि खाली लिहिले, "वाचून बघ, तुझ्याच विषयाचे आहे." मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे विषय माझा आहे हे खरे. पुढच्या दोन दिवसांत तोच मजकूर मला आणखी तीन ठिकाणांहून आला, तेव्हा एकट्या मामांना उत्तर देऊन भागणार नाही हे लक्षात आले.

मजकुराचा सारांश असा. कार्बन डायऑक्साइड हा प्रदूषक नसून वनस्पतींचे अन्न आहे, त्यामुळे तो हवेत वाढला की पीक आपोआप वाढते. नेदरलँडमधील शेतकरी हरितगृहात तो विकत घेऊन सोडतात. पृथ्वी अधिक हिरवी होत असल्याचे खुद्द नासाने मान्य केले आहे. हवेत त्याचे प्रमाण अवघे ०.०४ टक्के आहे आणि डायनासोरांच्या काळात ते कितीतरी जास्त होते. तेव्हा हवामान बदलाची भीती सोडा आणि पाचट, काड, तुराट्या बिनधास्त जाळा.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करते, कारण नुकसान तिथेच होणार आहे. पाचट जाळतात कधी? ऊस तुटून गेल्यावर. त्या वेळी रानात नुसते बुडखे असतात आणि खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या उसाचे, फुटवे अजून वर आलेले नसतात. कार्बन डायऑक्साइड घेते ते पान, आणि रानात पानच नाही. पंगत वाढून ठेवली आणि जेवणारे अजून जन्मायचे आहेत, असा हा प्रकार आहे. शिवाय धूर त्या रानावर राहत नाही. उघड्या शेतात या वायूचे प्रमाण वाढवून पिकावर काय होते हे पाहणारे प्रयोग जगात अनेक ठिकाणी झाले आहेत. त्यासाठी पिकाभोवती नळ्यांचे मोठे कडे उभारावे लागते, वाऱ्याची दिशा सतत मोजावी लागते आणि ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूच्या नळ्यांतून संगणकाच्या नियंत्रणाखाली वायू सोडत राहावा लागतो, कारण सोडलेला वायू वारा लगेच पुढे नेतो. एवढा खटाटोप करूनही जो वायू शेतात टिकवावा लागतो, तो एका संध्याकाळच्या जाळामुळे मामांच्या बांधाच्या आत पुढचे वर्षभर थांबेल, असे हा मजकूर सांगतो.

जळते काय, तेही पाहू. हेक्टरी साधारण आठ ते दहा टन पाचट निघते. ते पेटवले की त्यातले नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळे हवेत जाते आणि सेंद्रिय कर्बही जातो. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) काही प्रमाणात राखेत उरतात, हे मान्य करायला हवे, पण ती राखही पहिल्या वाऱ्याने अर्धी दुसऱ्याच्या रानात जाते. वरच्या थरातले जिवाणू भाजून निघतात आणि जमीन उघडी पडल्याने उन्हाळ्यात पाण्याची पाळी लवकर द्यावी लागते. थोडक्यात, हवेतून फुकट मिळणारा कार्बन वाढवण्याच्या नादात विकत घ्यावे लागणारे नत्र जाळले जाते.

आता मुख्य दाव्याकडे वळते. कार्बन डायऑक्साइड हा प्रकाशसंश्लेषणाचा कच्चा माल आहे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते, त्यामुळे त्यावर वाद नाही. वाद आहे तो सगळी पिके त्याला सारखीच भुकेली आहेत या समजुतीवर. गहू, भात, हरभरा, तूर, सोयाबीन, कापूस या पिकांना शास्त्रात सी-३ म्हणतात आणि हवेत हा वायू वाढला तर त्यांचे प्रकाशसंश्लेषण खरोखर वाढते. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका ही सी-४ पिके आहेत. ही पिके पानाच्या आतच हा वायू एकवटून घेतात, त्यामुळे बाहेर तो वाढला तरी त्यांच्या कारखान्यात फारसा फरक पडत नाही. यातला योगायोग असा की हा सी-४ मार्ग हॅच आणि स्लॅक या दोघा शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उलगडून दाखवला, तो उसाच्याच पानात. म्हणजे मामांच्या रानातली दोन मुख्य पिके, ऊस आणि ज्वारी, या मजकुरातल्या मेजवानीला मुळी आमंत्रितच नाहीत. तेच रान गाजरगवताने भरले, तर मात्र त्याला निमंत्रण आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये ते जोमाने वाढते, हे प्रयोगांत दिसलेले आहे.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. हा वायू वाढला की पानावरची रंध्रे, म्हणजे बारीक छिद्रे, थोडी मिटतात आणि पाणी कमी उडते. अमेरिकेतल्या अॅरिझोनात ज्वारीवर उघड्या शेतात प्रयोग झाला, तेव्हा भरपूर पाणी दिलेल्या ज्वारीला वाढीव वायूचा लाभ दिसला नाही, पण पाण्याचा ताण दिलेल्या ज्वारीचे उत्पादन काहीसे वाढले. मंगळवेढ्याची ज्वारी परतीच्या पावसाने काळ्या रानात साठलेल्या ओलीवरच येते, तेव्हा हा अर्धा मुद्दा मामांच्या ज्वारीला लागू पडतो. पण ज्या वायूमुळे पाणी थोडे वाचते, त्याच वायूमुळे तापमान वाढून जमिनीची ओल लवकर उडते, आणि मजकूर लिहिणाऱ्याने जमेची बाजू मांडून खर्चाची वही बंद ठेवली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. पीक वाढले म्हणजे अन्न वाढले, असे मजकूर गृहीत धरतो. २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात सॅम्युएल मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथे वर सांगितलेल्या नळ्यांच्या कड्यांत वाढवलेल्या पिकांचे दाणे त्यांनी तपासले. वायूचे प्रमाण होते दहा लाख भागांत सुमारे ५५० ते ५८५, म्हणजे आजचा वेग राहिला तर याच शतकात येणारे. त्या हवेत वाढलेल्या गव्हात जस्त ९.३ टक्क्यांनी, लोह ५.१ टक्क्यांनी आणि प्रथिने ६.३ टक्क्यांनी कमी भरली. भातात जस्त ३.३, लोह ५.२ आणि प्रथिने ७.८ टक्क्यांनी घटली. हे एखाद्या बंद पेटीतले रोप नव्हते. खऱ्या शेतात, खऱ्या वाऱ्यात वाढलेले ते पीक होते आणि त्यात या पिकांचे अनेक वाण होते. कारणे अजून तपासली जात आहेत, पण त्यांतले एक समजायला सोपे आहे. रोपाला साखर आणि पिष्ट बनवायला कार्बन मुबलक मिळतो, पण मुळांतून येणारे नत्र त्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे दाणा भरतो तो पिठाने, प्रथिनाने नाही. दूध वाढवायचे सोडून दुधात पाणी वाढवण्यासारखेच हे आहे.

हे आकडे लहान वाटतील, पण ज्यांच्या ताटात आधीच कमी आहे त्यांना ते लहान नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर महाराष्ट्रातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. मामींच्या लोहाच्या गोळ्या मीच दर वेळी सोलापूरहून घेऊन जाते, म्हणून हा आकडा मला कागदावरचा वाटत नाही. त्याच अभ्यासात सी-४ धान्यांवर हा परिणाम कमी दिसला. म्हणजे ज्या भाकरीच्या जागी आपल्या घराघरांत रेशनच्या गव्हाची चपाती आली, ती ज्वारीची भाकरीच या बाबतीत अधिक टिकाऊ निघाली. ही माहिती त्या मजकुरात असती, तर मी तो स्वतः पुढे पाठवला असता.

हरितगृहाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. नेदरलँडमधल्या काचेच्या घरात पाणी, खत, उष्णता आणि आर्द्रता हे सगळे हवे तेवढे आणि हवे तेव्हा दिले जाते, म्हणून तिथे कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. सोलापूर जिल्ह्यातल्या उघड्या रानात तो सोडून बाकी सगळे कमी पडते.

नासाचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त फसवा आहे. उपग्रहांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०१९ मध्ये आला आणि त्यात चीन व भारत हे देश हिरवाई वाढण्यात आघाडीवर असल्याचे दिसले, हे खरे. पण भारतातल्या त्या वाढीपैकी ८२ टक्के वाढ शेतजमिनीवरची आहे आणि तिचे श्रेय अभ्यासकांनी सिंचन, खते आणि वर्षाला एकापेक्षा जास्त पिके घेणे याला दिले आहे. उपग्रहाला पान दिसते. ते पान हिरवे ठेवण्यासाठी बोअर किती फूट खाली गेली, हे त्याला त्या चित्रात दिसत नाही.

०.०४ टक्के म्हणजे क्षुल्लक, असे म्हणणाऱ्याने ठरवावे की एवढ्याशा वायूवर जगातले सगळे पीक वाढते की तो क्षुल्लक आहे. दोन्ही विधाने एकाच मजकुरात शेजारी बसली आहेत. डायनासोरांच्या काळात गहू आणि ज्वारी नव्हती, शेतकरीही नव्हता. शेतीचा सगळा इतिहास गेल्या दहा-बारा हजार वर्षांतला आहे आणि त्या काळात, औद्योगिक युगापर्यंत, हे प्रमाण दहा लाखांत २८० च्या आसपास किंवा त्याखाली राहिले. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे.

एवढ्या 'अन्ना'ने पीक आपोआप वाढत असते, तर २०२२ चा मार्च आठवून पाहावा. माणसाने शेती सुरू केल्यापासून हवेत इतका कार्बन डायऑक्साइड कधीच नव्हता. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला, उत्तरेत गव्हाचा दाणा भरण्याआधीच आकसला, सरकारने उत्पादनाचा अंदाज सुमारे ११.१ कोटी टनांवरून १०.५ कोटी टनांवर आणला आणि १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली.

हे सगळे मी मामांना फोनवर सांगितले, अर्थात याहून थोडक्यात. त्यांनी नासाचेही ऐकून घेतले आणि हॅच-स्लॅकचेही, पण त्यांचा प्रश्न एकच होता: पाचट कुजवायला युरिया किती लागेल. शिफारस अशी आहे की पाचटाची कुट्टी करून एका टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक द्यावे. युरिया का, तर पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र कमी असते, त्यामुळे ते कुजवणारे जिवाणूही नत्रासाठीच अडून बसतात. मामांच्या दोन एकरांत सात टन पाचट धरले तर छप्पन किलो युरिया लागेल, म्हणजे पंचेचाळीस किलोचे सव्वा पोते. काडेपेटीपेक्षा हे महाग पडते, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे.