टिकलेला संसार आणि जोडीदाराचा स्वभाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मागच्या लेखात मी असे मांडले होते की जोडीदार निवडताना, आणि निवडल्यानंतर तर अधिकच, एकमेकांचा स्वभाव नीट ओळखून घ्यावा, कारण घरातल्या बहुतेक भांडणांचे मूळ भांडणाच्या विषयात नसून दोघांच्या स्वभावात असते. त्यावर आलेली आपली प्रतिक्रिया मी एकही शब्द न गाळता प्रसिद्ध केली आहे. आपला आक्षेप थोडक्यात असा, की स्वभावचाचण्या म्हणजे छत्तीस गुणांच्या पत्रिकेचाच नवा अवतार आहेत, परदेशी संशोधन आपल्याकडे लागू पडत नाही आणि असल्या लेखनामुळे घटस्फोटांना खतपाणी मिळते. शेवटी आपण लिहिता : ‘आमच्या आईवडिलांनी कोणती चाचणी केली होती? तरी त्यांचे संसार पन्नास पन्नास वर्षे टिकले. बाई, आधी संसार करून बघा, मग लिहा.’

मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु ज्या व्यक्तीला आपण कधी पाहिलेले नाही, तिच्या घराविषयी परस्पर निष्कर्ष काढून तिला एकेरीच्या उंबरठ्यावर आणून ठेवायचे, ही वादाची रीत नव्हे. हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता, तर त्यालाही आपण ‘आधी संसार करून बघा’ असे सुनावले असते का, याचा शांतपणे विचार करावा. माझ्या लग्नाला वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या घरात मुले वाढवली, सासूबाईंचे दीर्घ आजारपण काढले आणि हे सगळे नोकरी सांभाळून केले. हे जाहीरपणे सांगावे लागणे मला मुळीच आवडलेले नाही, पण विषय आपण काढलात.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करते. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या कल्पनांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी जी सोळा प्रकारांची चाचणी घडवली, तिच्या सोळा खोक्यांत माणसे बसत नाहीत, हे आपले म्हणणे रास्त आहे. बहुतेक लोक अंतर्मुख आणि बहिर्मुख या दोन टोकांच्या मध्येच कुठेतरी असतात, आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर अनेकांचा ‘प्रकार’ बदलून येतो. म्हणूनच माझ्या लेखाचा भर त्या चाचणीवर नव्हता, हे लेख पूर्ण वाचला असता तर लक्षात आले असते.

आता ‘पन्नास वर्षे टिकले’ या वाक्याकडे वळते, कारण आपली सगळी भिस्त त्याच्यावर आहे आणि मला सर्वांत जास्त तेच खटकले आहे. लोवेल केली आणि जेम्स कॉन्ली या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९३० च्या दशकात ज्यांचा साखरपुडा झाला होता अशा ३०० जोडप्यांची माहिती १९८० च्या सुमारापर्यंत गोळा करत गेल्यावर त्यांना काय दिसले? नवरा किंवा बायको लहानसहान गोष्टींनी अस्वस्थ होणारी, चिंता आणि चिडचिड मनात घोळवणारी असेल, तर संसारात दुःख येण्याची शक्यता वाढते. मात्र त्या दुःखाचा शेवट घटस्फोटात होतो की ते वर्षानुवर्षे मुकाट सोसले जाते, हे ठरण्यात नवऱ्याच्या स्वभावाचा, विशेषतः स्वतःला आवरण्याच्या त्याच्या क्षमतेचा, वाटा असतो. म्हणजे टिकलेल्या संसारांमध्ये सुखी संसार जसे होते तसेच दुःखीही होते. आपण मात्र टिकण्यालाच सुखाचा दाखला मानून मोकळे झालात.

माझ्या आईवडिलांचाही संसार टिकला. आम्ही नौपाड्यात एका चाळीत राहत होतो. वडील अबोल, आई मनात काही न ठेवणारी. काही बिनसले की आई बोलत राही आणि वडील खुंटीवरचा शर्ट चढवून, चपला घालून तलावपाळीला निघून जात. ते परत येईपर्यंत आमटी गार झालेली असे, आई ती न बोलता पुन्हा गरम करी, आणि तो विषय तिथेच अर्धवट राहून पुढच्या महिन्यात नव्या कारणाने उफाळून येई. एकाने मागे लागायचे आणि दुसऱ्याने मिटून जायचे, हे चक्र मानसशास्त्रज्ञांनी असंख्य जोडप्यांत पाहिले आहे आणि ते नात्याला पोखरते, याबद्दल त्यांच्यात फारसे दुमत नाही. माझी आई शेवटपर्यंत असे समजत होती की आपल्या बोलण्याची आपल्या नवऱ्याला किंमत नाही. वडिलांना भांडणाचा आवाजच सोसत नव्हता, हे तिला कोणी सांगितले नाही आणि त्यांना सांगता आले नाही. त्या संसाराला आपण यशस्वी म्हणाल. मी त्यांची मुलगी आहे आणि मी म्हणणार नाही.

माझ्या घरीही जोडी तशीच आहे. मी दिवसभर बँकेच्या काउंटरवर बोलूनही घरी बोलायला उत्सुक असते. माझे यजमान महापेहून कंपनीच्या बसने आणि मग ट्रान्स-हार्बर लोकलने घरी येतात, तेव्हा त्यांना कोणी काही विचारू नये असे वाटते. वडिलांना पाहिले असल्यामुळे त्या गप्प बसण्याला मी राग मानत नाही. आमच्यात ठरले आहे की आल्यावर ते गॅलरीत एकटे चहा घेतील, आणि नऊ वाजता, जेवणे आटोपल्यावर, शिल्लक राहिलेला विषय त्यांनीच काढायचा. बोलायला सुरुवात त्यांनी करायची, ही अट महत्त्वाची आहे, कारण तेवढ्याने माझे मागे लागणे थांबते आणि त्यांचे टाळणेही. मुलाने विज्ञान शाखा सोडायची की नाही, यावर आमचे टोकाचे मतभेद होते, तो निर्णय याच पद्धतीने झाला. याला आपण तडजोड म्हणा, माझी हरकत नाही. परंतु समोरच्याचा स्वभाव ठाऊक असल्याशिवाय तडजोड नेमकी कशाशी करायची, ते आपल्या प्रतिक्रियेत कुठेही नाही.

बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात उत्तर देते. पत्रिका जन्मवेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून वर्णापासून नाडीपर्यंत आठ कूटांचे, म्हणजे निकषांचे, गुण मोजते आणि ३६ पैकी १८ जुळले की बरे मानते. माणूस प्रत्यक्षात कसा वागतो याच्याशी त्या बेरजेचा संबंध नाही. शिवाय मी जुळणी करा असे म्हटलेच नव्हते. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या हजारो जोडप्यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसले की नात्यातल्या समाधानातला सुमारे ६ टक्के फरक स्वतःच्या स्वभावाने, १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावाने आणि अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक दोघांच्या स्वभावांतल्या साम्याने स्पष्ट होतो. स्वभाव सारखे असण्याला फारसे महत्त्व नाही, हेच मी लिहिले होते, आणि आपण नेमके उलटे माझ्या तोंडी घातलेत.

परदेशी म्हणून अभ्यास बाद करायचा असेल, तर रुसवा, चिडचिड आणि अबोला ठाण्यात वेगळ्या मातीचे असतात हे आपणच दाखवून द्यावे. घटस्फोटांचे खापर लेखांवर फोडण्याला माझ्याकडे उत्तर नाही, कारण त्यात मुद्दाच नाही.

आपण पुन्हा लिहिलेत तर तेही प्रसिद्ध करीन. मात्र तेव्हा माझ्या संसाराची चौकशी बाजूला ठेवून एवढे अवश्य लिहा, की आपल्या आईवडिलांच्या त्या पन्नास वर्षांत गप्प कोण बसत होते, आणि त्याविषयी आपण त्यांना कधी विचारले होते का.