सरासरीवर क्षमता ठरवू नका
तुमच्या लेखात मोबाइल नेटवर्कची क्षमता (एका वेळी किती कॉल चालतील ती) दिवसाच्या सरासरी वापरावरून ठरवावी असं म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगने 1917 मध्येच सूत्र दिलंय: 10 एर्लांग भाराला (म्हणजे सरासरी 10 कॉल एकाच वेळी चालू) 10 वाहिन्या, म्हणजे एका वेळी एकेक कॉल नेणारे मार्ग, दिल्या तर सुमारे 21 टक्के कॉल अडतात, 15 दिल्या तर 4 टक्क्यांहून कमी. आता दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा घ्या. घोडेबाजारात उभं राहून लोक घरी व्हिडिओ कॉलवर घोडा दाखवतात. कॉल येतात ते एकमेकांशी संबंध नसताना, हे एर्लांगचं गृहीतक तिथे टिकत नाही. शिवाय लागला नाही की माणूस लगेच पुन्हा लावतो, भार आणखी फुगतो (हे मोजायचं सगळेच विसरतात). गर्दीच्या तासाचा हिशोब यात्रेच्या मैदानावरून करा, नंदुरबार जिल्ह्याच्या लोकसंख्येवरून नको. त्या गर्दीत कुणी पडलं तर 108 लागलाच पाहिजे.