चॅटजीपीटीच्या लिंकमागचे शेपूट: आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चॅटजीपीटीने दिलेली लिंक पुढे पाठवण्यापूर्वी तिच्या शेवटी जोडलेला ‘यूटीएम सोर्स’चा भाग (utm_source=chatgpt.com, म्हणजे वाचक कुठून आला हे संकेतस्थळाला सांगणारी खूण) काढून टाकावा, या माझ्या लेखातल्या सूचनेवर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. त्या भागातून वाचणाऱ्याची ओळख पटत नाही, म्हणून हा खटाटोप अनाठायी आहे, हा पहिला. आणि तो काढल्याने लहान संकेतस्थळांना आपले वाचक कुठून येतात हे कळेनासे होते, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. यूटीएममधला ‘यू’ हा अर्चिन या कंपनीच्या नावातला. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्याच कामातून गूगल ॲनालिटिक्स हे संकेतस्थळावरच्या भेटी मोजणारे साधन उभे राहिले. वाचक कोणत्या दाराने आला, एवढेच हे शेपूट सांगते. फेसबुक लिंकला जोडते त्या ‘एफबीसीएलआयडी’सारखी, प्रत्येक क्लिकला वेगळी असणारी खूण त्यात नसते, आणि दोन्हींना एकाच मापाने मोजणे ही माझ्या लेखातली चूक होती.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, कारण लहान संकेतस्थळांची काळजी मलाही आहे. चॅटजीपीटीच्या उत्तरातूनच लिंक उघडली, तर होणारी नोंद खरी असते. ती तशीच होऊ द्यावी. पण तीच लिंक कॉपी करून मी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि चाळीस जणांनी ती उघडली, तर चाळीसही भेटी चॅटजीपीटीच्या खात्यावर जमा होतात. वास्तविक त्यांना तिथे धाडलेले असते शेजाऱ्याने. विकिपीडियाच्या तळटिपेत ती गेली, तर कुणी दुरुस्त करीपर्यंत ही खोटी साक्ष चालूच राहते. असे आकडे पाहून पुढचे नियोजन करणाऱ्या संपादकाची त्यातून दिशाभूलच होते.

संदर्भ चॅटबॉटने शोधून दिला हे लपवावे, असे माझे म्हणणे नाही. ते स्पष्ट शब्दांत लिहावे आणि पान स्वतः वाचूनच लिंक द्यावी. शेपटावरून ते वाचले की नाही हे कुणालाच कळत नाही.

काढताना एक पथ्य मात्र पाळावे लागते. यूट्यूबच्या नेहमीच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर ‘व्ही’पुढे व्हिडिओची खूण असते, त्यामुळे सरसकट कापल्यास व्हिडिओ उघडत नाही. केवळ ‘यूटीएम’ने सुरू होणारे तुकडे काढावेत आणि उरलेली लिंक एकदा उघडून पाहावी. मूळ लेखातले ‘प्रश्नचिन्हापासून पुढचे सगळे पुसा’ हे वाक्य मी आज त्याप्रमाणे बदलले आहे.