स्मिथचं नाव दाखवतात, हेरिंगहॅमबाईंचं नाही

लंडनची वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण जुंपलं. दादा म्हणतो, आपलं सगळं परत आणा. वहिनी म्हणते, तिकडे होतं म्हणून टिकलं तरी. मी लंडनला राहते, त्यामुळे पंचाचं काम माझ्याकडे.

टिकलं कुठे, वहिनी? रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं खपून केलेल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये इथल्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग ग्रिफिथ्स या ब्रिटिश कलाशिक्षकाच्या हाताखाली मुंबईच्या जे.जे. कला शाळेच्या पोरांनी नकला केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनला जळाल्या. उरलेल्या इथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत, जिथून वाघनखं आली. त्या मागताना दादाला मी कधी ऐकलं नाही. चित्रं उठून दिसावीत म्हणून या नकलाकारांनी भिंतींना वार्निश फासलं, ते वेगळंच.

अजिंठ्याच्या नकला करणाऱ्या इंग्रज चित्रकर्त्री ख्रिस्तियाना हेरिंगहॅम मात्र या भांडणात कुठल्याच बाजूला बसत नाहीत. बाई स्वतः टेम्परात, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांत, रंगवायच्या. चेन्नीनीचा जुना इटालियन चित्रकला-ग्रंथ त्यांनी १८९९ मध्ये इंग्रजीत आणला. अजिंठ्याचं कामही कोरड्या गिलाव्यावरचं, टेम्पराच्याच जातीचं; फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं काम, म्हणायची आपली नुसती खोड. (बाईंच्या १९१५ च्या पुस्तकाच्या नावातही फ्रेस्कोच आहे, असो.) १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत त्या लेण्यांत नकला करत होत्या. सोबत चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा, हैदराबादचे सय्यद अहमद. मायदेशी परतल्यावर बाईंचं मन ढळलं. कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटायचं. १९२९ मध्ये गेल्या, तोवर मनोरुग्णालयातच होत्या. सय्यद अहमद पुढे अजिंठ्याच्या लेण्यांचे क्युरेटर झाले.

इथे तरी कोण ओळखतं त्यांना? नॅशनल गॅलरीत वेलाझ्केझच्या व्हीनसपुढे गर्दी असते. ते चित्र १९०६ मध्ये ज्या निधीने घेऊन दिलं, तो उभा करणाऱ्यांत बाई होत्या. मला स्वतःला हे दहा वर्षं इथे राहून गेल्या वर्षी कळलं.

गेल्या खेपेला दादाबरोबर अजिंठ्याला गेलो, तर दहाव्या लेण्यात गाइडने खांबावर टॉर्च मारला. शिकारीला आलेला असताना ही लेणी दिसलेल्या जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८१९ मध्ये चित्रावरच कोरलेलं नाव. सगळ्यांनी माना उंचावून पाहिलं. मी सय्यद अहमदांबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, ते कोणत्या खांबावर?"

दादा हसला. मग त्यानेच परत येताना गाडीत विचारलं, "त्या बाईंच्या नकला आता कुणाच्या म्हणायच्या गं?"