घमेल्यातच आवळलेला माल, लोणा आणि तडे: तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या स्लॅग-राखेच्या, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी (स्लॅग) आणि राख यांपासून बनवलेल्या गिलाव्याच्या मालाला तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही नीट लिहिलीत. ती अशी: माल दहा मिनिटांत घमेल्यातच आवळला, आठवड्याभरात गिलाव्यावर पांढरा लोणा (क्षाराचा थर) आला, बारीक तडे गेले, खरवडल्यावर आतून हिरवट-निळा रंग निघाला, गवंड्याची बोटं चरचरली आणि पोत्यावरचा ‘शून्य कार्बन’ हा दावा तुम्हाला पटला नाही. यातल्या तीन बाबतींत चूक आमची आहे. त्या त्या जागी तसं स्पष्ट लिहितो.

आधी बोटांचं, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं. पोत्यात 70 टक्के स्लॅग, 22 टक्के राख आणि 8 टक्के सोडियम मेटासिलिकेटची कोरडी पूड असते. ही पूडच स्लॅगला घट्ट करते, पण ती विरघळली की पाण्याचा सामू (pH) 13 च्या वर जातो, म्हणजे पाणी तीव्र क्षारयुक्त होतं. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय या मालाला हात लावायचा नाही. लागलाच तर वाहत्या पाण्याखाली 15 ते 20 मिनिटं धुवायचं. कातडी बुळबुळीत लागत असेल तोवर क्षार गेलेला नाही असं समजा. वरून व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. डोळ्यात गेला तर तेवढाच वेळ धुवायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं. ही सूचना पोत्याच्या मागे बारीक अक्षरांत होती. ती समोर, ठळक असायला हवी होती. ही आमची पहिली चूक.

आता माल आवळण्याचं. तुम्ही लिहिलंय की ‘ताकदीसाठी’ गवंड्याने दर पोत्यामागे एक घमेलं सिमेंट टाकलं. कारण तिथेच आहे. सिमेंटमधला चुना आणि आपल्या पुडीतलं सिलिकेट भेटले की काही मिनिटांत जेल (चिकट, घट्ट होत जाणारा पदार्थ) तयार होतो आणि माल जागीच घट्ट होतो. ताकद वाढत नाही, उलट सिलिकेट स्लॅगपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतं. आदल्या दिवशीचा सिमेंटचा माल मिक्सरच्या कडांना चिकटलेला असला तरी थोडा परिणाम दिसतो, म्हणून ड्रम खरवडून धुवून घ्यावा.

पुढचं मात्र नीट वाचा, कारण लोणा आणि तड्यांचा मोठा भाग इथूनच आलाय. आवळलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो सैल केला गेला. सिमेंटच्या मालाबरोबरही हे करू नये, पण इथे नुकसान जास्त होतं. तयार होत असलेला जेल तुटतो, माल सच्छिद्र राहतो आणि जेलमध्ये न अडकलेला सोडियम त्या छिद्रांतल्या पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी त्याचा संयोग होऊन सोडियम कार्बोनेट बनतं. तुम्हाला दिसला तो लोणा हाच.

प्रमाण असं: 25 किलोचं पोतं, 75 किलो वाळू, एकूण 11 लिटर पाणी. ‘एकूण’ म्हणजे वाळूतल्या ओलाव्यासह. एक किलो वाळू तव्यावर वाफ थांबेपर्यंत गरम करून पुन्हा तोला. 40 ग्रॅम कमी भरली तर 75 किलोत 3 लिटर पाणी आधीच आहे, वरून फक्त 8 लिटर घालायचं. कालवायला पॅडल लावलेलं ड्रिल किंवा मिक्सर हवा, फावड्याने पूड नीट विरघळत नाही. दोन मिनिटं कोरडं फिरवा, मग पाणी घालून पाच मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला माल भुरभुरीत, पाणी कमी पडल्यासारखा दिसतो आणि हात हमखास बादलीकडे जातो. तिथे थांबा. चौथ्या-पाचव्या मिनिटाला पूड विरघळते आणि तोच माल थापीवरून सरकायला लागतो. तीन मिनिटं विसावा, परत एक मिनिट फिरवा. उन्हाळ्यात अर्ध्या तासात संपेल एवढाच माल करा. उरलेला टाकून द्या, सैल करू नका.

दुसरी सवय पाणी मारण्याची. सिमेंटच्या गिलाव्याला ते लागतंच, पण इथे पहिल्या दिवसापासून पाइपने पाणी मारलं की क्षार धुऊन जातो, ताकद घटते आणि लोणा वाढतो. त्याऐवजी विटा आदल्या दिवशी भिजवा, वरचं पाणी सुकू द्या, गिलावा करा आणि हात लावल्यावर ठसा उमटेनासा झाला की प्लास्टिकचा कागद सात दिवस चिकटवून ठेवा.

तड्यांत आमचा वाटा आहे. हा माल सुकताना सिमेंटपेक्षा बराच जास्त आकसतो. पोत्यावर ‘20 मिलिमीटरपर्यंत जाडी’ छापलंय, पण ती दोन हातांत (थरांत) भरायची हे छापलेलं नाही. एका हातात 10 ते 12 मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी नको, पहिला हात खरबडीत ठेवावा. वाळू फार बारीक असेल तर आकसणं आणखी वाढतं.

हिरव्या-निळ्या रंगाची काळजी करू नका. स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे तो येतो. खरवडलेला तुकडा उघड्या हवेत ठेवा, काही दिवसांत राखाडी होईल.

‘शून्य कार्बन’बद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. सिमेंटचं क्लिंकर (दळून सिमेंट बनवतात ते भाजलेले खडे) सुमारे 1450 अंशांवर भाजतात आणि टनामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निव्वळ चुनखडी फुटण्यातून निघतो, इंधनाचा वेगळा. स्लॅग लोखंडाच्या भट्टीतून येतं, त्यासाठी नव्याने चुनखडी भाजावी लागत नाही. पण ते सुकवायला आणि दळायला ऊर्जा लागते, आणि सिलिकेटसाठी सोडा व वाळू भट्टीत वितळवावी लागते. वजनात 8 टक्के असलेली ही पूड आमच्या पोत्यातल्या कार्बनचा मोठा भाग वाहते. ‘कमी कार्बन’ खरं, ‘शून्य’ नाही. ते शब्द आम्ही काढत आहोत.

तुमच्या भिंतीचं: लोणा कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने टिपा, आम्ल वापरू नका. मग खिळ्याने ओरखडा काढा. नुसती रेघ उमटली तर गिलावा चांगला आहे. 28 दिवस थांबून क्षार सोसणारा प्रायमर लावा, थेट ऑइल पेंट नको. वाळू झडू लागली तर तेवढा भाग फोडावा लागेल. त्यासाठी लागणारी पोती आम्ही देऊ, फक्त त्यात सिमेंट घालू नका.